दत्तूचं शेवटचं रीळ

टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो असं सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, मग काय, मजा होती तुमची, फुकटात सिनेमे! त्याला काय सांगणार? नोकरीच्या सगळ्या वर्षांत सिनेमे भरपूर पाहिले हे खरं आहे, पण एकही धड ऐकला नाही. केबिनमध्ये मशीनचा खडखडाट एवढा असतो की पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवताना दिसतात. भिंतीला एक छोटा स्पीकर असायचा, पण तो आवाज चालू आहे की गेला एवढं कळण्यापुरताच. मला गाणी पाठ आहेत ती टॉकीजबाहेरच्या पानवाल्याच्या रेडिओच्या कृपेनं.

आमचं टॉकीज शहागंजपासून हाकेच्या अंतरावर होतं. नाव लिहीत नाही. ज्यांनी तिथं शेंगांची टरफलं पायाखाली तुडवली आहेत त्यांना नावाची गरज नाही, आणि बाकीच्यांना ते शोधून सापडणार नाही. मी फुलंब्रीचा. सुरुवातीला एसटीनं जाऊन-येऊन नोकरी केली, मग इथंच खोली घेतली. घरच्यांना बरीच वर्षं वाटायचं की मी तिकिटं फाडतो.

काम काय असतं ते थोडक्यात सांगतो, कारण आता ती मशीनं कुठं दिसत नाहीत. सिनेमा पत्र्याच्या डब्यांतून तुकड्या-तुकड्यांनी यायचा. एकेक तुकडा म्हणजे एक रीळ. केबिनमध्ये दोन मशीनं शेजारी-शेजारी. एकावर रीळ चालू असताना दुसऱ्यावर पुढचं चढवून ठेवायचं. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जातो. तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं, पुन्हा ठिपका आला की पहिल्याची खिडकी बंद, दुसऱ्याची उघडी. प्रेक्षकाला यातलं काही कळलं नाही तर काम चांगलं झालं. आमच्या धंद्यात शाबासकी नसते, शिव्या मात्र वेळेवर मिळतात. उजेड कार्बनच्या दोन कांड्यांचा असायचा. कांड्या जळून आखूड होत जायच्या, तसं त्यांना जवळ आणावं लागे. जरा दुर्लक्ष झालं की हिरोला कावीळ झाल्यासारखं दिसायचं आणि खालून लोक माझ्या घराण्याचा उद्धार करायचे.

मला हे सगळं करीमचाचांनी शिकवलं. त्यांची सुरुवात निजामाच्या राज्यात झालेली. पोलीस ॲक्शननंतर राज्य बदललं, मालक बदलले, चाचा मात्र त्याच केबिनमध्ये राहिले. बोलायचे कमी. त्यांचा एकच नियम होता आणि तो मोडला तर ते दिवसभर अबोला धरायचे. रीळ चालवून झालं की ते उलटं गुंडाळल्याशिवाय घरी जायचं नाही. कारण साधं आहे. मशीनमधून निघालेल्या रिळाचं शेपूट वर येतं आणि तोंड आत जातं. दुसऱ्या खेळाला ते तसंच चढवलं तर सिनेमा उलटा आणि डोक्यावर उभा. म्हणून हातानं चरकी फिरवून ते पुन्हा पहिल्या चित्रावर आणून ठेवायचं. पण चाचांचं सांगणं निराळंच असायचं. "पंडत, मरे हुए हीरो को वैसाच छोड के घर नक्को जा," ते म्हणायचे. "उसको वापस शुरू पे ला, फिर ताला लगा."

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर वेगळा लेख होईल. शहागंजमधला एक कापडाचा व्यापारी रोज दुपारी बाल्कनीत येऊन झोपायचा. कोणताही सिनेमा असो, त्याची खुर्ची ठरलेली. आवाज चालू असेपर्यंत गाढ झोप. आवाज गेला की ताडकन उठून मॅनेजरकडे तक्रार. एकदा दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरनं दोन रिळांची अदलाबदल केली. पडद्यावर नायिकेचा बाप मेला, रडारड झाली, आणि पुढच्या रिळात तोच बाप लग्नाच्या मांडवात अक्षता टाकायला हजर. आम्हाला वाटलं, आता खुर्च्या मोडणार. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेलेला माणूस परत आलेला कुणाला नको असतो?

दत्तू या सगळ्यात केव्हा आला ते नेमकं आठवत नाही. तो देवगाव रंगारीकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, इथं कॉलेजात शिकायला आलेला. वर्गापेक्षा आमच्याकडे जास्त दिसायचा. खालच्या वर्गाचं तिकीट काढून एकच सिनेमा पुन्हा पुन्हा पाहायचा. एके दिवशी जिना चढून सरळ केबिनच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, मला इथून बघू द्या. बाहेरच्या माणसाला केबिनमध्ये मनाई असते. मी तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो हुरड्याची पिशवी घेऊन आला. चाचांनी एक मूठ तोंडात टाकली आणि त्याला मधला झरोका दाखवला.

झरोका म्हणजे भिंतीतलं चौकोनी भोक, ज्यातून आम्ही पडद्यावर नजर ठेवतो. दत्तू तिथं उभा राहायला लागला तो पुढं दोन-अडीच वर्षं. मी एकदा विचारलं, खाली आवाजासकट दिसत असताना इथं बहिऱ्यासारखं काय बघतोस? तो म्हणाला, "आवाज नसला ना पंडितराव, की कोण लबाड हाय ते लगेच कळतं. डायलाग पाठ असला की लबाड गडी बी वाचतो. इथं नाय वाचत."

तोवर मी त्या लोकांकडे अशा नजरेनं कधी पाहिलं नव्हतं. माझं लक्ष उजेडाकडे आणि कोपऱ्यातल्या ठिपक्याकडे. दत्तूमुळे मी चेहरे बघायला लागलो आणि मोठमोठी नावं माझ्या मनातून उतरली. काही छोटी नावं वर चढली.

एकदा इंटरव्हलमध्ये त्यानं स्टुलावर बसून तो झोपाळू व्यापारी करून दाखवला. हातात काही नाही, अंगावर कॉलेजचा सदरा. आधी जागा चाचपली, मग मान एका बाजूला, मग ओठ सुटले. घोरला नाही. दुसरा कुणी असता तर पहिलं घोरलाच असता. मग आवाज गेल्यागत डोळे उघडले आणि त्या डोळ्यांत अशी काही नाराजी होती की मॅनेजरच दारात उभा आहे असं वाटून मी मागं वळून पाहिलं. हसणं चाचांच्या स्वभावातच नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "ये लडका देखता बहुत है."

पुढं दत्तू कॉलेज सोडून मुंबईला गेला. त्याचे वडील लवकर गेलेले. थोरला भाऊ नामदेव शेती बघायचा, आणि आई कौसाबाई धाकट्यावर रुसून बसली. शिकून नोकरीला लागेल म्हणून पाठवलेला मुलगा तोंडाला रंग फासायला गेला, हे त्या घराला पचायला जड होतं. पडद्यावर आम्हाला तो पहिल्यांदा दिसला तो गर्दीतला हवालदार म्हणून. दोन वाक्यंही नव्हती. पण तो दिसताच चाचांनी माझ्या पाठीत थाप मारली. नंतर एका सिनेमात दुकानदार. तिसऱ्या सिनेमात एकदम नायक. पडद्यावर त्याला दुसरंच भारदस्त नाव दिलं होतं. आमच्यासाठी तो दत्तूच.

त्या सिनेमात तो गावचा टपालवाला होता, गावच्या पुढाऱ्याशी वैर घेतलेला. शेवटच्या रिळाची सुरुवात त्याच्या घराच्या उंबऱ्यात होते. तो तांब्यातून पाणी पितो, मिशा पुसतो, हसतो आणि बाहेर पडतो. मग शिवारात पुढाऱ्याची माणसं त्याला गाठतात, आणि शेवटी तो लिंबाच्या झाडाखाली पडून मरतो. कॅमेरा हळूहळू त्याच्या चेहऱ्याजवळ जातो आणि तिथंच थांबतो. बराच वेळ थांबतो. खाली हुंदके सुरू झाले की ते मला झरोक्यातून लोकांच्या खांद्यांवरून कळायचं.

सिनेमा आमच्याकडे लागला तेव्हा दत्तू न सांगता आला. मागच्या जिन्यानं वर आला आणि आपल्या जुन्या झरोक्यापाशी उभा राहिला. चाचा तोवर घरी बसले होते, डोळे गेले होते त्यांचे. शेवटचं रीळ लागलं तसा दत्तू अस्वस्थ झाला. मी त्याला म्हणालो, आवाजाशिवाय पाहतोय तरी मरताना कुठं लबाड दिसत नाहीस. तो चक्क लाजला.

"त्यात ॲक्टिंग नाय, पंडितराव," तो म्हणाला. "झोपलो व्हतो."

मग त्यानं सांगितलं ते असं. दोन रात्री शूटिंग चाललं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी पिठलं-भाकरी पोटभर खाल्ली आणि लिंबाच्या सावलीत मरायला आडवा पडला. उजेड लावेपर्यंत त्याचा डोळा लागला. दिग्दर्शकानं कुणाला बोलू दिलं नाही, कॅमेरा तसाच चालू ठेवला. जिथं-तिथं कौतुक होतंय ते झोपेचं, दत्तू म्हणाला, आणि हे कुणाला सांगू नका. मी विचारलं, आईनं पाहिला का? तो म्हणाला, "येत नाय. म्हणते, जित्या लेकराला मरताना कोन बघतं? अपशकुन असतो." त्याला ते लागलं होतं. पुढच्या सिनेमात मरणार नाही, मग तिला मीच घेऊन येईन, असं तो जाताना म्हणाला.

पुढचा सिनेमा पुरा झालाच नाही. शूटिंगहून परतताना घाटात त्याची जीप ट्रकवर आदळली. मला बातमी पानवाल्यानं सांगितली. त्या दिवशी मी तिन्ही खेळ केले, कारण दुसरा ऑपरेटर गावाला गेला होता. काय लावलं होतं ते आता आठवत नाही. मधला झरोका तेवढा मी पुठ्ठा लावून बंद केला, तो पुढंही उघडला नाही. 

महिनाभरात मालकांनी तोच सिनेमा पुन्हा लावला. तुफान गर्दी. जिवंतपणी ज्याची पाटी अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांसमोर झळकली होती, त्याच्यासाठी आता बाहेर रांगा. मालकांना मी दोष देत नाही, टॉकीज चालवायचं म्हणजे हे आलंच. पण शेवटचं रीळ दिवसातून तीनदा मला लावावं लागत होतं. चेहरा जवळ यायला लागला की मी पाठ फिरवून आधीचं रीळ गुंडाळत बसायचो.

अशात नामदेव आला. हातात टोपी, कोपऱ्यात उभा. म्हणाला, आईनं धोसरा काढलाय की दत्तूचा सिनेमा बघायचा. पण लोकांच्या गर्दीत नाही आणायचं तिला, आणि तो मरतो तेवढं दाखवायचं नाही. अपघातात दत्तूचा चेहरा गेला होता. घरी आणला तेव्हा मोठ्या माणसांनी कापड सोडू दिलं नव्हतं, आणि तेव्हापासून आई धड जेवत नव्हती. डॉक्टरनं सांगितलं होतं, हिला धक्का बसेल असं काही करू नका. मॅनेजरनं सकाळी, पहिल्या खेळाआधी, फक्त घरच्यांसाठी सिनेमा लावायची परवानगी दिली. शेवटच्या रिळाचं माझ्यावर सोपवलं.

मी नामदेवला शब्द दिला. ते अवघड नव्हतं. शेवटच्या आधीचं रीळ संपतं तेव्हा दत्तू सायकलवरून घराकडे येत असतो. तिथं सिनेमा संपला तर न पाहिलेल्याला खटकणार नाही. केबिनमधल्या खणात तुटक्या फिल्मचे तुकडे पडलेले असायचे. त्यांतलं एका जुन्या सिनेमाचं 'समाप्त' मी शोधलं आणि त्या रिळाच्या टोकाला चिकटवलं.

सकाळी ते सगळे आले. नामदेव, त्याची बायको, दोन-चार भावकीतली माणसं आणि कौसाबाई. लहानखुऱ्या चणीची बाई, हिरवट लुगडं, चालताना कुणाचा हात न धरणारी. त्या दिवशी मी पडदा कमी आणि त्यांनाच जास्त पाहिलं. दत्तू सायकलवरून आला तसा त्यांनी पदर सावरला. पूर्ण सिनेमाभर त्या रडल्या नाहीत. सुनेनं मधे पाणी पुढं केलं तर हातानंच नको म्हणाल्या. शेवटी 'समाप्त' आलं, मी दिवे लावले, माणसं उठली. कौसाबाई उठल्या नाहीत. नामदेव वाकून काहीतरी सांगत होता. मग त्या उठल्या, पण दाराकडे न जाता त्यांनी वळून केबिनच्या झरोक्याकडे बघितलं.

थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली. त्या दारात उभ्या राहिल्या, मागं नामदेव.

"आपरेटर तुम्हीच का, दादा?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "शेवटचं ऱ्हायलं ना?"

मी नामदेवकडे पाहिलं. तो म्हणाला, आई, संपला सिनेमा, पाटी आली की. त्या त्याच्याकडे वळल्याही नाहीत.

"गावातल्या बाया बघून आल्यात," त्या मला म्हणाल्या. "लिंबाखाली पडतो ते बी सांगितलंय त्यांनी मला. तो जिता व्हता तव्हा म्या बघितलं नाय, अपशकुन वाटला. घरी आणला तव्हा कुनी तोंड उघडू दिलं नाय. मंग म्या त्याला बघायचं कव्हा?"

शब्द नामदेवला दिला होता आणि तो मोडायचा तर त्याच्यासमोरच मोडावा लागणार होता. मी म्हणालो, नामदेवराव, रीळ माझ्यापाशी आहे, पण आई तुमची आहे. तो हळूच म्हणाला, "हिला काही झालं तर?"

"झालं तर होऊ दे," कौसाबाई म्हणाल्या. "तुझ्यावर बोल नाय ठेवणार."

नामदेव दारातून बाजूला झाला आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. मी रीळ चढवलं. मावशी, खाली जाऊन बसा, इथं आवाज येत नाही, असं मी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आवाज ठावं हाय मला त्याचा." मधल्या झरोक्याचा पुठ्ठा मी काढला. त्यांची उंची पुरेना म्हणून फिल्मचा रिकामा डबा उलटा करून पायाखाली दिला. जिथं दत्तू उभा राहायचा तिथंच त्या उभ्या राहिल्या.

उंबऱ्यात दत्तू पाणी प्यायला, मिशा पुसल्या, हसला. मग शिवार, ती माणसं, मारामारी. कौसाबाईंचे हात भिंतीवर टेकलेले होते. मी त्यांच्या मागंच थांबलो, पडल्या तर धरायला. लिंबाचं झाड आलं. चेहरा जवळ यायला लागला आणि या वेळी मी पाठ फिरवली नाही.

"मेला नाय हा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, झालं, नामदेवला हाक मारावी लागणार. पण त्यांचा आवाज शांत होता.

"झोपलाय. अंगठा बघा, मुठीत धरलाय. ल्हानपणापून असाच झोपतो."

मी पाहिलं. खरंच, गालापाशी आलेल्या उजव्या हाताचा अंगठा मुठीत होता. इतक्या वेळा ते रीळ लावूनही माझं कधी तिकडे लक्ष गेलं नव्हतं. कुणाला सांगू नका असं दत्तू म्हणाला होता, पण त्या 'कुणाला'मध्ये त्याची आई येत नव्हती असं मी ठरवलं.

"व्हय मावशी," मी म्हणालो. "झोपलाच होता. त्यानंच सांगितलं मला, इथंच उभं राहून."

त्यांनी झरोक्यातून नजर न काढता विचारलं, "जेवला व्हता का?"

"व्हय. पिठलं-भाकरी, पोटभर."

मग त्या रडल्या. पडदा पांढरा झाला, मी मशीन बंद केलं, तरी त्या रडत राहिल्या. नामदेव आत आला आणि तोही त्यांच्याजवळ जमिनीवर बसला. मी हाताला चाळा म्हणून शेवटचं रीळ काढून चरकीवर लावलं आणि गुंडाळायला लागलो.

काही वेळानं कौसाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, हे काय करता? मी सांगितलं, उलटं गुंडाळतो, म्हणजे पुढच्या खेळाला पुन्हा पहिल्यापासून लागतं. त्या उठून जवळ आल्या, जरा वेळ बघत राहिल्या आणि चरकीच्या मुठीवर हात ठेवला. मी हात काढून घेतला. जात्यावर दळायची सवय असलेला हात तो, एका लयीत फिरायला लागला.

"आता कुठशीक आला?" त्यांनी विचारलं.

मी फिल्म दिव्यासमोर धरून पाहिली. लिंबाखालून उठलाय, मी म्हणालो. त्या फिरवत राहिल्या. मी सांगत राहिलो. मारणारी माणसं मागं हटली. आता शिवारात एकटाच आहे. आता वाटेला लागलाय, घराकडे. नामदेव खाली बसून ऐकत होता.

"आता?"

"आता उंबऱ्यात आहे, मावशी. हातात तांब्या आहे."

त्यांनी मूठ सोडली. "ऱ्हाऊ द्या तिथंच," त्या म्हणाल्या.

ते सगळे गेले. नियमाप्रमाणे रीळ अगदी पहिल्या चित्रावर आणायला अजून हातभर फिल्म गुंडाळायची राहिली होती. ती मी पहिल्या खेळाची घंटा होईपर्यंत गुंडाळली नाही. केबिनला कुलूप लावून खाली चहाला गेलो, आणि तेवढा वेळ दत्तू उंबऱ्यात उभा राहिला.